वन्संचा हाकारा

आमच्या वन्संच्या टेबलाच्या खणात सुई-दोरा नाही, जुनी पत्रं नाहीत, कुणाचे फोटो नाहीत. मोटरी आहेत. मी मोजल्या तेव्हा एकवीस भरल्या. पिवळ्या प्लॅस्टिकच्या डब्या, प्रत्येक डबी साबणाच्या अर्ध्या वडीएवढी, एका टोकाला मोटरीचं रुपेरी बूड आणि कुशीतून बाहेर आलेला पांढरा दांडा. खेळण्यातल्या गाड्यांना असतात त्याच. आत मोटर वेड्यासारखी गरगरते, पण दात्यांच्या चार-पाच चाकांतून उतरत उतरत ती गती बाहेर येते तेव्हा दांडा संथ फिरत असतो, आणि जितका संथ तितका ताकदीचा. हे मला वन्संनी इतक्यांदा समजावलं आहे की मी झोपेत म्हणून दाखवीन.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय एकोणऐंशी, पाठ अजून ताठ, कपाळावर एक भिंग चढवलेलं असतं ते जेवतानाही उतरत नाही. सदतीस वर्षं त्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. शिकवायचे प्राध्यापक, पण तारा जोडणं, काटे शून्यावर आणणं, मुलांनी जाळलेले मीटर दुरुस्त करणं हे सगळं वन्संचं. प्राध्यापकांना तिथे सगळे 'सर' म्हणत आणि वन्संना 'अहो बाई'. त्याचं त्यांना काही वाटत असे की नाही, मी विचारलं नाही. लग्न का केलं नाही, हे मात्र मी या घरात आल्या आल्याच विचारून टाकलं होतं. तेव्हा म्हणाल्या, "सर्किट पूर्ण झालं नाही." मला सर्किट म्हणजे काय तेच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून मी आणखी खोदून विचारायला गेले, तर सासूबाईंनी मला घाईघाईने स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

निवृत्त झाल्यावर बायका प्रवासाला जातात, विणतात, सुनांशी भांडतात. वन्संना मोटरींचा नाद लागला. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यात आपोआप फिरणारी पळी केली. गॅलरीत कबुतरं येऊ नयेत म्हणून चकचकीत तबकडी फिरवत ठेवली. कबुतरं आठ दिवस आली नाहीत आणि नवव्या दिवशी तबकडीवरच बसून झोके घ्यायला लागली. दिवसाच्या गोळ्यांचा एकेक कप्पा पुढे सरकवणारं चक्र केलं. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात त्या गेल्या की दुकानदार विचारायचा, आजी, नातवाचं शाळेचं काम आहे का? वन्सं म्हणायच्या, नाही, मलाच गृहपाठ दिलाय.

सासूबाई नव्वद वर्षांच्या असताना त्यांचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. वन्सं तेव्हा सत्तरीच्या. आई आणि लेक, दोघीच त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी आमचे हे आणि मी जायचो, दोन तास बसायचो, फळं ठेवायचो आणि सुटल्यासारखे जिने उतरायचो. खरं ते लिहिते.

सासूबाईंचा डावा हात चालत होता. मागच्या खोलीतून त्यांना बोलवता यावं म्हणून वन्संनी आधी बाजारातली विजेची घंटा आणली. पण स्वतःच वाजवलेल्या घंटेला सासूबाई दचकायच्या, आणि मग अर्धा तास छाती धडधडत राहायची. मग वन्संनी एक पिवळी मोटर घेतली. दांड्याला लवचिक प्लॅस्टिकची दोन टोकांची पट्टी लावली, दोन्ही टोकांना लाकडी मणी, आणि खाली एक लाकडी वाडगा पालथा घातला. बटण सासूबाईंच्या उशीच्या कडेला बांधलं. तार भिंतीच्या भोकातून पुढच्या खोलीत. सासूबाईंनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं की पुढच्या खोलीत पट्टी संथ फिरायची आणि मणी वाडग्यावर आपटत जायचे. ठक. ठक. ठक. ठक. अंतर सारखं, आवाज मऊ, कुणीतरी बंद दारावर बोटाच्या पेराने वाजवावं तसा. अंगठा उचलला की बंद. त्या यंत्राला वन्संनी नाव ठेवलं हाकारा. "हाकारा झाला," असं म्हणत त्या हातातलं टाकून आत जायच्या. दिवसातून वीसदा, तीसदा.

हाकाऱ्याचा एक नियम होता आणि तो वन्संनी वाडग्यापाशी चिठ्ठीवर लिहून चिकटवला होता : पट्टीला हात लावू नये. तोंडी त्या जास्त सांगायच्या. मोटर पट्टी फिरवते, आपण पट्टी धरून मोटर फिरवायची नाही, आतले दाते प्लॅस्टिकचे असतात, तुटतात. आणि दुसरं, अडवलेली मोटर कधी चालू ठेवायची नाही. हे दुसरं त्यांनी सदतीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं.

सासूबाई तीन वर्षांनी गेल्या. एका गुरुवारी, दुपारी, वन्सं घरात असताना. डॉक्टर म्हणाले झोपेत गेल्या. त्र्याण्णव वर्षांच्या बाईला याहून चांगलं मरण कुठलं, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. यंदा मी माझी जागा बंद केली आणि वन्संकडे राहायला आले. दोन म्हाताऱ्यांनी दोन घरांत दोन वेगळे कुकर लावायचे हा शुद्ध वेडेपणा आहे. मला मागची खोली मिळाली. पलंग नवा होता. जुन्या पलंगाच्या पायांचे चार फिकट गोल मात्र फरशीवर अजून होते, आणि भिंतीच्या भोकातून एक कापलेली तार वीतभर लोंबत होती. ती ओढून काढते म्हटलं तर वन्सं म्हणाल्या, "राहू दे, तुला टोचते का?"

पहिल्या आठवड्यात मी तो आवाज ऐकला. दुपारचे तीन वाजून गेले होते. मी आडवी पडून वर्तमानपत्र वाचत होते, वन्सं पुढच्या खोलीत होत्या. ठक-ठक. मग थोडं थांबून ठक-ठक. मग पुन्हा. मला वाटलं नळ गळतोय. उठून न्हाणीघरात गेले, नळ कोरडा. स्वयंपाकघर कोरडं. शेजारचं दार कुलूपबंद, ते लोक कामावर. परत आले तर आवाज थांबलेला. घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. त्यामुळे वन्सं मला लाडाने नाही, कुचेष्टेने 'एक्स्चेंज' म्हणतात. कानावर हेडफोन, समोर खुंट्यांचा फळा, परगावच्या लोकांचे आवाज जोडायचे आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं. कान माझे अजून शाबूत आहेत आणि आवाज कुठून येतो ते मला कळतं. हा भिंतीतून येत नव्हता आणि खालून येत नव्हता. घरातलाच होता. लंगड्या माणसाच्या चालीसारखा : दोन जवळ, मग खंड, दोन जवळ, मग खंड.

दुसऱ्या दिवशी नाही आला. चौथ्या दिवशी आला. मी वन्संना काही बोलले नाही, कारण एकटेपणाने भ्रमिष्ट झालेली भावजय म्हणून मिरवायची मला हौस नव्हती. पण एकदा आवाज सुरू असतानाच उठून मी पुढच्या खोलीत आले. वन्सं टेबलाशी बसल्या होत्या. हातात स्क्रू-ड्रायव्हर, पण हात हवेत थांबलेला. मान थोडी कलती. हाकारा झाला की असायची तशी.

मी म्हटलं, "वन्सं, तुम्हालाही येतोय ना?"

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. माझ्याकडे बघितलं आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कानात दोष नाही."

सहा वर्षं त्या तो आवाज ऐकत होत्या. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा, आणि नेहमी दुपारी तीनच्या पुढे. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. एकदा ध्वनिमुद्रणही करून पाहिलं, त्यात नुसती पंख्याची घरघर आली. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नाही आणि माझाही नाही. आम्ही दोघी पदवीधर आहोत. पण विश्वास नाही म्हणून आवाज थांबत नाही.

त्या संध्याकाळी चहा पिताना वन्संनी मला गुरुवारची गोष्ट सांगितली. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि माझ्याकडे न बघता, कपाशी बोलल्यासारखी.

त्या आठवड्यात सासूबाईंना झोप नव्हती आणि म्हणून वन्संनाही नव्हती. गुरुवारी जेवण झाल्यावर हाकारा सुरूच, आणि आत गेलं की हाताच्या खुणा. पाणी हवं. नको. खिडकी लाव. उघड. पाय हलव. मग काहीच नको, नुसतं बोलावलं. दोन वाजून गेल्यावर वन्संनी एका फडक्याची घडी केली आणि पट्टी आणि वाडग्याच्या मध्ये कोंबली. पट्टी अडली की मणी वाजणार नाहीत. पंधराच मिनिटं, असं म्हणून त्या पुढच्या खोलीत जमिनीवर आडव्या झाल्या. जाग आली तेव्हा साडेतीन झाले होते. आत गेल्या तर सासूबाई गेलेल्या. डावा हात उशीच्या कडेला, बटणाशी. पण तो हात नेहमीच तिथे असायचा, त्यावरून काही कळत नाही.

"तार काढली असती तरी चाललं असतं," वन्सं म्हणाल्या. "पण तार काढायची म्हणजे मी आईला ऐकणार नाही असं ठरवल्यासारखं वाटलं. म्हणून फडकं. मूर्खपणा बघ."

फडकं त्यांनी कुणी यायच्या आत काढून टाकलं. सेलसुद्धा तेव्हाच काढून केरात टाकले. ते तपासले असते तर काही कळलं असतं. दाबून ठेवलेल्या बटणाने सेल उतरले असते. हाताला गरम लागले का, तेही त्यांना आठवत नव्हतं. उरली ती मोटर. तिची डबी त्यांनी तशीच, न उघडता, एका पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. आणि त्या डबीत उत्तर असेल असं त्यांना वाटत होतं. पट्टी अडलेली असताना आईने बटण दाबलं असेल तर आतल्या दात्यांवर कुठेतरी खूण असेल. नसेल दाबलं तर दाते धड असतील. चार छोटे स्क्रू काढायचे, एवढंच. ज्या बाईने आयुष्यात हजार डब्या उघडल्या तिने सहा वर्षांत ते चार स्क्रू काढले नव्हते.

मला असली टांगती कामं सहन होत नाहीत. मी म्हटलं, वन्सं, आणा तो डबा, आत्ता उघडू. जे असेल ते असेल. त्या म्हणाल्या, बघू. मी दोन दिवस मागे लागले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, ठीक, उद्या दुपारी. आणि त्यावर मीच गप्प झाले, कारण तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी वन्सं दोन तासांसाठी बाहेर गेल्या होत्या आणि सासूबाईंपाशी मी एकटी होते. हे खाली ओळखीच्या माणसाशी गप्पा मारत उभे. तासाभरात हाकारा नऊ वेळा झाला. नऊही वेळा मी आत गेले आणि नऊही वेळा सासूबाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. काही हवं नव्हतं. दहाव्या वेळी मी आत गेले नाही. मी पट्टी मुठीत धरली, अगदी वाडग्यापाशी, आणि मागे पिरगाळली. मुठीत ती किड्यासारखी थरथरत होती. आत करकर झालं आणि मग कट. मी पट्टी सोडली. ती पुन्हा फिरायला लागली, एक ठोका पडला आणि आत सासूबाईंचा अंगठा उठला. चालतंय, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, आणि वन्सं आल्यावर त्यांना काहीही सांगितलं नाही. नंतर ठोके कसे पडत होते तेही मला माहीत नाही, कारण मी निघेपर्यंत हाकारा पुन्हा झालाच नाही, आणि पुढच्या रविवारी हाकारा नव्हता आणि सासूबाईही नव्हत्या.

म्हणजे डबी उघडली तर तुटलेला दात निघणारच होता. तो मी तोडलेला. वन्सं तो बघणार आणि म्हणणार, आईने हाका मारल्या. मी गप्प राहिले तर उरलेलं आयुष्य त्या माझ्या मुठीचं ओझं वाहणार. आणि सांगितलं तर सहा वर्षांनी सांगतेय हेही सांगावं लागणार. मी फटकळ म्हणून या घराण्यात प्रसिद्ध आहे. लोकांच्या तोंडावर त्यांचं खरं बोलणं सोपं असतं. त्या रात्री मला माझंच बोलता येईना.

सकाळी भांडी पुसताना मी सांगितलं. पाठमोरी उभी राहून, एका दमात.

वन्संनी नळ बंद केला. म्हणाल्या, "सोमवारपासून तो लंगडा वाजत होता. दोन ठोके जवळ, मग खंड. एका फेऱ्यात दोन ठोके, आणि एक दात नाही म्हणून दर फेऱ्याला चाक एकदा अडखळत होतं. मला कारणच कळेना. रविवारी उघडून बघू म्हटलं होतं."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. दोन जवळ, मग खंड. तो ठेका मी कधी ऐकलाच नव्हता. लंगडा हाकारा कानावर यायच्या आत मी इथून गेले होते, आणि नंतर त्याबद्दल मला कुणी सांगितलंही नव्हतं. मागच्या खोलीत पडल्या पडल्या मी जो ऐकला तो माझ्या आठवणीतला असणं शक्य नव्हतं.

वन्संनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. "हो," एवढंच म्हणाल्या. मग ओल्या हातांनी त्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी मात्र त्या वेळेवर बाहेर आल्या. टेबलावर पांढरा कागद पसरला, डबा उघडला, पिवळी डबी कागदावर ठेवली. तिच्यावर अजून ती पट्टी होती; एका टोकाचा मणी वाडग्यावर आपटून आपटून चपटा झालेला. त्यांनी चार स्क्रू काढले, रांगेत ठेवले, आणि झाकण उचललं. मग भिंग डोळ्यावर ओढून वाकल्या. मी त्यांच्या मागे उभी होते. मला पांढरी चाकं दिसली आणि त्यांच्यावर पिठासारखी बारीक पांढरी भुकटी.

वन्संनी चिमट्याने शेवटचं मोठं चाक उचलून प्रकाशात धरलं.

"हा तुझा," त्या म्हणाल्या. एक दात मुळापासून साफ तुटलेला होता, कडा धारदार. मग चिमटा थोडासा फिरवला. "आणि हे आईचे."

तुटलेल्या दाताच्या शेजारचे दोन्ही बाजूंचे दाते तुटले नव्हते. झिजले होते. माथे गोल होऊन अर्धे उरले होते, चघळल्यासारखे. मोटर अडलेली, धक्के देत राहिलेली, पुढे जाता येत नाही म्हणून त्याच दोन दातांवरून पुन्हा पुन्हा घसरलेली. वन्संनी मला समजावलं, आणि समजावताना त्यांचा आवाज अगदी प्रयोगशाळेतला होता. मी पट्टी वाडग्यापाशी धरली होती, त्यांनी फडकं वाडग्यापाशी कोंबलं, म्हणून चाक नेमकं तुटलेल्या जागी अडलं. पट्टीचं दुसरं टोक अडलं असतं किंवा दात धड असता तर मोटर नुसती गुणगुणत तापली असती आणि आत काही खूण राहिली नसती. डबी धड निघाली असती. त्यांनी चाक कागदावर ठेवलं.

मी तुटलेला दात दिला म्हणून आईची हाक उमटली होती, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते माझं मीच समजले.

मी म्हटलं, "वन्सं, आता कळलं ना, झालं. ठेवा ते."

"किती वेळ दाबलं ते कुठे कळलं?"

सहा वर्षं त्या बाईच्या डोक्यात हाच प्रश्न होता, आधी दाबलं का आणि मग किती वेळ. सव्वा तास? त्या बाजूच्या खोलीत घोरत असताना सव्वा तास? मला वाटलं आता पुरे, नको हे. पण त्यांनी खण ओढला. एकवीस मोटरींतल्या एकोणीस नंतर घेतलेल्या होत्या, त्यांचं प्लॅस्टिक निराळं. दोनच त्या वेळच्या, त्याच पुडक्यातल्या. म्हणजे प्रयोग दोनदाच करता येणार होता.

पहिल्या मोटरीला त्यांनी ती जुनी पट्टी लावली, वाडगा पालथा घातला, नवे सेल भरले. मग म्हणाल्या, "धरलं होतंस तसं धर." मी नाही म्हटलं. त्यांनी वाडगा माझ्याकडे सरकवला. शेवटी मी पट्टी मुठीत धरली आणि त्यांनी बटण दाबलं. तीच थरथर. मी मागे पिरगाळली. करकर. कट. सहा वर्षांनी माझ्या मुठीला तो आवाज आधी ओळखू आला, कानांना नंतर.

त्यांनी फडक्याची घडी केली. कोंबली. मला घड्याळ धरायला सांगितलं, आणि बटण डाव्या अंगठ्याखाली घेतलं.

बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. पट्टी हलत नव्हती, ठोका नव्हता. फक्त डबीच्या आत, कुणी दातावर दात खावेत तसं, कर्र, कर्र, कर्र. जमिनीवर गाढ झोपलेल्या माणसाला त्याने जाग आली नसती. एक मिनिट झालं. दोन झाली. वन्संचा अंगठा पांढरा पडला होता. तीन मिनिटं झाल्यावर सवयीने माझ्या तोंडून "तीन मिनिटं झाली" निघून गेलं, आणि त्या दचकल्या, पण अंगठा काढला नाही. आणखी चाळीस सेकंदांनी आवाज एकदम बदलला; मोटर मोकळी, हलकी, सुसाट फिरायला लागली. दाते संपले होते. पकडायलाच काही उरलं नव्हतं.

उघडून पाहिलं तर शेजारचे दोन्ही दाते सपाट. सासूबाईंचे अर्धे शिल्लक होते. म्हणजे पावणेचार मिनिटांहून कमी. सव्वा तास नव्हे. मी ते मोठ्याने म्हटलंही. वन्संनी मान हलवली आणि दुसरी मोटर घेतली.

दुसऱ्या वेळी मी न सांगता पट्टी धरली. दुसऱ्या वेळी त्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि दीड मिनिटावर त्यांनी अंगठा उचलला. का उचलला ते मी विचारलं. म्हणाल्या, आवाज थोडा पिठूळ झाला. डबी उघडली. जुनं चाक आणि नवं चाक त्यांनी कागदावर शेजारी शेजारी ठेवलं, भिंगातून पाहिलं, मग भिंग काढून माझ्या हातात दिलं. एक सहा वर्षांनी पिवळट झालेलं, दुसरं पांढरं. बाकी काही फरक मला दिसला नाही. तेच गोल माथे, तीच अर्धी झीज, तेवढीच भुकटी.

"दहा सेकंद इकडेतिकडे," वन्सं म्हणाल्या. "दीड मिनिट."

खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं होतं. खालून कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. तीन वाजून गेले होते आणि घरात कसलाही ठोका पडला नव्हता. आम्ही दोघींनीही त्याची दखल घेतली आणि दोघीही त्यावर बोललो नाही.

मी म्हटलं, दीड मिनिट म्हणजे काहीच नाही, वन्सं. तेवढ्यात तुम्ही उठून चष्मा शोधला असता तरी संपलं असतं. आणि डॉक्टर काय म्हणाले आठवा, त्यांना त्रास झालेला दिसत नव्हता. मी बरंच काही म्हटलं. मला माणसांना गप्प बसवता येतं, समजूत काढता येत नाही, पण मी प्रयत्न केला.

वन्संनी दोन्ही चाकं एकाच चिमट्यात धरून पत्र्याच्या डब्यात ठेवली. स्क्रू मोजून आत टाकले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून बसल्या.

"काहीच नाही ना? मग घड्याळ बघ आणि दीड मिनिट गप्प बस."

मी घड्याळ समोर धरलं. वन्संनी हात टेबलाच्या कडेवर ठेवला, अंगठा खाली. वीस सेकंद सहज गेली. खालची मोटारसायकल सुरू झाली आणि निघून गेली. त्यानंतर जी शांतता आली तिला काठच नव्हता. तीस. चाळीस. मी काट्याकडे बघत होते आणि काटा जागचा हलत नव्हता असं वाटत होतं. फरशीवरचे चार फिकट गोल मला इथून, उघड्या दारातून दिसत होते. पन्नास. वन्संच्या अंगठ्याचं नख पांढरं झालेलं. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, कुठेच नव्हती. साठ. सत्तराव्या सेकंदाला माझ्याने राहवेना.

"वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं असणार, हातभर अंतरावर मी बसले होते. पण वळल्या नाहीत, पापणी हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, "अहो वन्सं." पाच सेकंद. दहा. पंधरा. मी त्यांना हलवायला हात पुढे केला.

नव्वद झाल्यावर त्यांनी अंगठा उचलला आणि माझ्याकडे वळल्या.

"हं, बोल. काय हवं होतं?"

मला काहीच नको होतं. मी नुसती हाक मारली होती.